ईस्टरसाठी शिवलेला सूट

१४ एप्रिल २०२०
मिलवॉकी

मिस क्लेओरा,

आज सकाळी लुवेनियाला माती दिली. बर्फ भुरभुरत होता, पण जमिनीवर टिकत नव्हता. दहाच माणसांना परवानगी होती. पास्टर व्हिटलो, चर्चमधल्या वडीलधाऱ्या मदर पेटवे, चर्चच्या सेविका मंडळातल्या चौघी, दफनाचं काम बघणारे तिघे आणि मी. बाकी लोक रस्त्याच्या कडेला आपापल्या गाड्यांत काचा लावून बसले होते. पेटी खाली गेल्यावर सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवले. ते कुणी ठरवलं होतं मला माहीत नाही. लुवेनियाला गोंगाट आवडत नसे, पण हा आवडला असता असं मला वाटतं.

नंतरचं जेवण झालं नाही, ते करायला बंदी आहे. घरी आलो तर पायरीवर डबे ठेवलेले होते. तळलेलं चिकन, पालेभाजी, मक्याचा पाव, दोन केक. कुणाचा कुठला ते कळलं नाही. एक डबा उघडून उभ्याउभ्याच खाल्लं.

फोनवर तुम्हाला दफन दिसत होतं ते मध्येच थांबलं, असं तुम्ही म्हणालात. फोन धरणाऱ्या बाईंचे हात गारठले होते. त्यांचा दोष नाही.

मग तुम्ही एकच प्रश्न विचारलात आणि मी उत्तर देईना म्हणून फोन ठेवलात. उत्तर लिहितो. तिला मंडळाचा पांढरा गणवेश घातला, पांढरे हातमोजे घातले. तीस वर्षं दर रविवारी तिने तेच घातलं होतं. तुम्ही ईस्टरसाठी शिवून पाठवलेला जांभळा कोट-स्कर्टचा सूट घालायचा नाही, हे मी ठरवलं. मंडळातल्या कुणी ठरवलं नाही. सूट घरात आहे, नीट आहे.

शेवटी तिला त्रास झाला नाही असं नर्सने मला सांगितलं. तिने सांगितलं तसंच मी तुम्हाला सांगतो आहे.

तुमचा,
थर्मन


२१ जून २०२०

मिस क्लेओरा,

आज रविवार. सकाळी पास्टरांचं प्रवचन फोनवर ऐकलं. दुपारी मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावल्या. रोपं लुवेनियाने फेब्रुवारीत खिडकीत रुजवली होती. मी लावली नाहीत तरी ती वाढतच होती, म्हणून लावली.

तुमचं कार्ड मिळालं. ज्या नवऱ्याने माझ्या बहिणीला मी शिवलेला कपडा नाकारला त्याच्याशी माझं बोलणं नाही, असं तुम्ही लिहिलंत. मी तीन वेळा फोन केला, तुम्ही उचलला नाही. ठीक आहे. लिहायला तुमची बंदी नाही असं धरून लिहितो. वाचायचं की नाही ते तुमच्याकडे.

चर्च मार्चपासून बंद आहे. त्यावरून थोडी वादावादी झाली. येशूच्या रक्ताने झाकलेल्या माणसांना आजाराची भीती कसली, असं काहींचं म्हणणं होतं. मदर पेटवे त्यांना म्हणाल्या, "रक्तावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण लाल दिवा लागला की मी गाडीसुद्धा थांबवते." त्यानंतर फार कुणी बोललं नाही. त्या ब्याऐंशीच्या आहेत आणि त्यांची गाडी चालवण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हसू मात्र आलं.

आमच्या भागात सुरुवातीला चाचणीची सोय नव्हती. ती होती लांब गोऱ्या वस्तीकडे, आणि तिथेही गाडी असेल तरच. सुरुवातीच्या आठवड्यांत या शहरात जी माणसं गेली त्यांतली बहुतेक आपली, काळी माणसं होती, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. मे महिन्यात पास्टर आरोग्य खात्याच्या कचेरीसमोर खुर्ची टाकून बसले. सोबत कुणी नाही, पाटी नाही, फक्त खुर्ची आणि बायबल. तिसऱ्या दिवशी त्यांना आत बोलावलं. आता आमच्या चर्चच्या गाड्या लावायच्या जागेत मंगळवारी आणि शनिवारी चाचणी होते. सेविका मंडळाच्या बायका, एरवी भजनाच्या भरात कुणाला भोवळ आली तर धरायचं आणि वारा घालायचा हे ज्यांचं काम, त्या आता पांढऱ्या गणवेशावर प्लास्टिकचा झगा घालून रांगा लावतात.

अजून एक व्यवस्था केली आहे. हॉस्पिटलात सोबतीला कुणाला आत घेत नाहीत. म्हणून आपलं माणूस आत जाताना फोन चालू ठेवून जातं, आणि फोनच्या या टोकाला चर्चमधलं कुणीतरी बसतं. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकतं, पुन्हा विचारतं, पेशंटचं नाव घेऊन बोलतं. हे लुवेनिया गेल्यानंतर सुरू झालं. मदर पेटवेंनी माझं नाव यादीत घातलं. मी म्हणालो, मला बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "बोलणारे माझ्याकडे ढीगभर आहेत, थर्मन. गप्प बसून ऐकणारा एक तरी नको का?"

पहिल्या वेळी तिला हॉस्पिटलातून घरी का पाठवलं, असंही तुम्ही कार्डावर विचारलं आहे. प्राणवायू मोजायला बोटाला लावतात ते यंत्र पंच्याण्णव दाखवत होतं. ताप होता, खोकला होता. घरी जा, गोळी घ्या, भरपूर पाणी प्या, जास्त वाटलं तर या, असं सांगितलं. मी बाहेर गाडीत होतो. मला इतकंच माहीत आहे.

इतकंच असं लिहिलं खरं, पण ते पुरतं खरं नाही. आज मात्र इतकंच.

थर्मन


२७ सप्टेंबर २०२०

मिस क्लेओरा,

काल दिवसभर पाऊस होता. पन्हळीत पानं अडकली होती, ती काढली. संध्याकाळी ब्रदर टॉलिव्हर यांच्या घरी जाऊन पायरीवर सूपचा डबा ठेवला आणि खिडकीतून हात केला. ते हॉस्पिटलातून परत आले आहेत.

त्यांची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. हॉलिस टॉलिव्हर म्हणजे आमच्या गायकवृंदातले जाड आवाजाचे, ओतशाळेत लोखंड ओतण्यात आयुष्य काढलेले गृहस्थ. लुवेनियाने तुम्हाला त्यांच्याबद्दल सांगितलं असेल, त्यांच्या शेजारी बसलं की बाकडं हलतं असं ती म्हणायची. गेल्या महिन्यात त्यांना दम लागायला लागला. ते इमर्जन्सीत गेले आणि यादीप्रमाणे पाळी माझी होती. फोन त्यांच्या खिशात, मी इथे स्वयंपाकघरात टेबलाशी.

डॉक्टर तरुण होता. आवाजावरून चांगला वाटला. त्याने विचारलं, कसं वाटतंय. टॉलिव्हर म्हणाले, "देवाची कृपा आहे, तक्रार नाही." मिस क्लेओरा, तुम्हाला माहीत आहे आपण हे कसं म्हणतो. कुणी कसे आहात विचारलं की आपल्या तोंडून हेच निघतं, पाय मोडला असला तरी. पण त्या डॉक्टरला काय माहीत. त्याला वाटलं तक्रार नाही. यंत्र चौऱ्याण्णव दाखवतंय, घरी जायला हरकत नाही, असं तो म्हणायला लागला.

मी बोललो. आमच्याकडे एक कार्ड आहे, मंडळातल्या ज्या बायका हॉस्पिटलात काम करतात त्यांनी लिहून दिलेलं. त्यावर पहिलंच वाक्य आहे, ते मी वाचलं. म्हटलं, "मी हॉलिस टॉलिव्हर यांच्या चर्चमधून बोलतोय. ते तुम्हाला तक्रार नाही म्हणाले, ती आमची बोलायची पद्धत आहे. कृपा करून त्यांना खोलीत चालवा आणि मग यंत्र बघा."

तिकडून बुटांचा आवाज आला. इकडून तिकडे, तिकडून परत, मग आवाज थांबला. डॉक्टर कुणाला तरी हाक मारून म्हणाला, खाट बघा. पुढचं मला ऐकू आलं नाही, पण त्यांना ठेवून घेतलं.

काल खिडकीतून टॉलिव्हर ओरडून म्हणाले, "थर्मन, एवढी वर्षं तुझा आवाज ऐकला नव्हता, आणि ऐकला तो थेट खिशातून." त्यांच्या बायकोने त्यांना आत ओढलं.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला लुवेनियाला पहिल्यांदा नेलं तो दिवस आठवला. तिला कुणी चालवून बघितलं नव्हतं. ती चालली, पण माझ्याकडे, गाडीपर्यंत, टाचेच्या बुटांत. दार लावून घेतल्यावर तिला काही वेळ बोलताच आलं नाही. मी गरम हवा सुरू केली आणि थांबलो. मला वाटलं, थंडीमुळे.

पास्टर आणि मंडळाच्या बायका, लुवेनियाला परत पाठवलं त्या हॉस्पिटलच्या लोकांना भेटणार आहेत. मला यायला सांगितलं आहे. गेलो तर काय घडलं ते सांगावं लागेल, सगळं. तुम्हाला आधी न सांगता तिथे सांगणं मला बरं वाटत नाही. म्हणून पास्टरांना म्हणालो, अजून नाही.

थर्मन


२० डिसेंबर २०२०

मिस क्लेओरा,

आज दिवसभर घरात होतो. बर्फ पडला, काढला, पुन्हा पडला. हे पत्र मी शुक्रवारपासून लिहितो आहे. आज पुरं करून उद्या टपालात टाकणार.

गुरुवारी चर्चची संध्याकाळची सभा फोनच्या पडद्यावर होती. पास्टरांच्या ओळखीची एक डॉक्टर बोलली. शिकागोत असते, फुप्फुसांचं बघते, आपल्यातलीच आहे. तिने सांगितलं की बोटाला लावायचं ते यंत्र बोटातून उजेड पाठवतं आणि त्यावरून रक्तातला प्राणवायू ठरवतं. पण कातडी काळी असेल तर ते पुष्कळदा आकडा असतो त्यापेक्षा जास्त दाखवतं. याच महिन्यात मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आलं आहे. यंत्रं तयार करताना जास्त करून गोऱ्या माणसांच्या बोटांवर तपासली गेली. ही शंका काही लोकांनी पूर्वीच घेतली होती, पण कुणी मनावर घेतलं नाही.

मदर पेटवे मध्येच म्हणाल्या, "म्हणजे यंत्रसुद्धा आपल्याशी गोड बोलतं." डॉक्टर हसली नाही. म्हणाली, "हो, मदर. तसंच."

मी पडदा बंद केला. पंच्याण्णव हा आकडा मी एप्रिलपासून धरून होतो. मला वाटायचं, तेव्हा ती खरंच बरी होती, नंतर बिघडली, कुणाच्या हातात नव्हतं. तो आकडाच माझ्या हातून गेला.

आता तुम्हाला सगळं सांगतो. सांगायचं नव्हतं. तुम्ही माझ्यावर रागावलेल्या असणं मला चालत होतं. पण तुम्ही अठ्ठ्याहत्तरच्या आहात, एकट्या राहता, तुमच्या गावातही आजार आला आहे असं ऐकतो, आणि तुमची सवय मला माहीत आहे. म्हणून सांगणं भाग आहे.

हॉस्पिटलात पहिल्यांदा नेलं त्या शुक्रवारी सकाळी लुवेनियाला धाप लागत होती. मी म्हटलं, चल, जाऊ. ती म्हणाली, थांब, क्लेओराशी बोलते. तुम्ही दोघी बोललात. तिने फोन टेबलावर ठेवला होता, मला दोघींचं ऐकू येत होतं. तुम्ही म्हणालात, "वीनी, तसल्या अवतारात जाऊ नकोस. मी शिवलाय तो घाल. ओठांना रंग लाव. त्यांना कळू दे की घरी कुणीतरी तुझी वाट बघतंय."

ती हसली आणि म्हणाली, टोपीपण घालू का. तुम्ही म्हणालात, टोपी राहू दे, टोपी बघून त्यांना वाटेल तू प्रवचनच देणार.

मग ती अर्धा तास तयार होत होती. पलंगावर बसून, मध्ये मध्ये थांबून. स्कर्टची पाठीमागची चेन मी लावली. तुम्ही नखांना रंग लावायचं सांगितलं नव्हतं, ते तिचं तिनेच केलं. मी दारात उभा होतो. घाई कर म्हणालो नाही, कारण मलाही ते बरोबर वाटत होतं. माझी आईही तशीच करायची.

तुमच्या आईचं मी लुवेनियाकडून कितीदा ऐकलं आहे. तिकडे गोऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की त्या आदल्या दिवशी पाणी तापवून तुम्हा दोघींना घासायच्या, फ्रॉकना खळ घालायच्या, काळ्यांसाठी ठेवलेल्या मागच्या दाराच्या बाकावर ताठ बसवायच्या. दुखलं तरी रडायचं नाही. डॉक्टरने आपल्या मुलींना हात लावायला हवा, तर त्याला हात लावावासा वाटेल असं दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. आणि एकदा तुमच्या शेजारची पोर घाणेरडी आहे म्हणून त्याने न बघताच परत पाठवली होती. त्या पोरीचं पुढे काय झालं ते लुवेनिया कधी सांगत नसे.

तर ती त्या सूटमध्ये आत गेली. ताठ. मी गाडीत बसलो. तासाभराने बाहेर आली तीही ताठ. गाडीत बसून दम खाल्ला आणि मग मला काय झालं ते सांगितलं. नर्सने आकडा बघितला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही तर माझ्यापेक्षा छान दिसताय." कसं वाटतंय विचारल्यावर लुवेनियाने काय सांगितलं असेल ते तुम्हीही ओळखाल. डॉक्टर दारातूनच बोलून गेला. ओठ कुणी पुसून बघितले नाहीत. शिकागोच्या त्या डॉक्टरने सांगितलं की आपल्या माणसाला प्राणवायू कमी पडतोय हे ओठांच्या आणि नखांच्या रंगावरून कळतं. ओठांना रंग होता, नखांनाही होता.

घरी येताना ती म्हणाली, "क्लेओराला फोन करून सांग, सूट गाजला. नर्सने विचारलंसुद्धा, कुठून घेतला. मी सांगितलं, माझ्या बहिणीने शिवला." तिला फार बरं वाटलं होतं त्याचं. तुम्हाला कळवायचं हे माझ्यावर होतं. मी ते आज कळवतो आहे.

तो सूट तिला घालून पाठवणं मला जमलं नाही. घातला असता तर तुम्हाला पडद्यावर तो दिसला असता, आणि आज ना उद्या कुणीतरी तुम्हाला सांगितलं असतं की ती हॉस्पिटलात कशी गेली होती. मग तुम्ही सगळं स्वतःवर घेतलं असतं. म्हणून पांढरा.

मी यावर खूप विचार केला आहे. मला विचार करायला वेळच वेळ आहे. माझं मत असं आहे. तुम्ही तिला जे सांगितलंत ते शहाणपणाचं होतं. तुमच्या आईने ते तुम्हाला शिकवलं तेव्हा त्याने तुम्ही दोघी वाचल्या होतात. आपल्या बाईने आजारीपणातही लग्नाला निघाल्यासारखं तयार व्हावं तेव्हा कुठे तिला माणसासारखं वागवतात, आणि तशी तयार झाली की म्हणतात, ही तर ठणठणीत आहे. यात तुम्ही काय करायला हवं होतं आणि तिने काय करायला हवं होतं, ते मला सांगता येत नाही. करायला हवं होतं ते हॉस्पिटलच्या लोकांनी. तिला उठवून चालवायला हवं होतं.

आता विनंती. तुम्हाला कधी खोकला झाला, दम लागला, तर जशा असाल तशा जा. केस विंचरू नका, कवळी शोधत बसू नका, काही चढवू नका. कसं वाटतंय विचारलं तर देवाची कृपा म्हणू नका. दुखतंय म्हणा. मोठ्याने म्हणा. तुमच्या आईच्या विरुद्ध वागा, एवढंच एकदा.

मग माझ्याशी बोलू नका हवं तर.

थर्मन


१६ जानेवारी २०२१

मिस क्लेओरा,

आज दुपारी मी चवळी शिजवत होतो तेव्हा अनोळखी क्रमांकावरून फोन आला. तुमची शेजारीण ड्युसी. तुम्ही हॉस्पिटलात आहात, ठेवून घेतलं आहे, प्राणवायू लावला आहे, असं म्हणाली. मी शेगडी बंद केली.

ती पुढे काय म्हणाली ते तुम्हाला माहीत नसेल, म्हणून लिहितो. म्हणाली, "काका, मी यांना आजवर दार उघडायलासुद्धा लिपस्टिकशिवाय आलेलं पाहिलं नाही. सकाळी बघते तर डोक्याला फडकं, अंगात तो जुना फुलाफुलांचा झगा, त्यावर रश्श्याचे डाग, पायांत दोन वेगळ्या सपाता. म्हटलं, मावशी, थांबा, निदान कोट घाला. तर म्हणतात, 'कोटाला हात लावलास तर बघ. गाडी काढ.'"

आणि हॉस्पिटलात यंत्राने चौऱ्याण्णव दाखवलं, आणि त्यांनी तुम्हाला घरी पाठवायची भाषा सुरू केली, तेव्हा तुम्ही खाटेचा कठडा धरून म्हणालात, "माझी बहीण पंच्याण्णवावर मेली. मला चालवा." ड्युसी दाराबाहेर होती, तिला काचेतून ऐकू आलं. चार पावलांनंतर त्यांनी तुम्हाला धरलं.

तुम्ही तिला सांगितलंत की त्या माणसाला कळव, मी झग्यात गेले. तिने कळवलं.

हे पत्र तुमच्या घरीच पाठवतो. घरी येऊन वाचा.

थर्मन

ता. क. पास्टर तुमच्यासाठी रोज प्रार्थना घेतात. टॉलिव्हर तुमचं नाव चुकीचं उच्चारतात, पण मोठ्याने.


२० फेब्रुवारी २०२१

मिस क्लेओरा,

आज चर्चच्या तळघरात लस घेतली. पहिली मदर पेटवेंनी घेतली, सगळ्यांसमोर खुर्ची मांडून, कारण आमच्यातले पुष्कळजण अजून बिचकतात. आपल्या माणसांवर पूर्वी औषधांच्या नावाखाली काय काय करून झालं आहे ते कुणी विसरलेलं नाही, आणि विसरा असं त्यांना कुणी म्हणतही नाही. मदर पेटवे दंड पुढे करून टोचणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "बाळ, मी मेले तर हे सगळे पळून जातील, तेव्हा नीट टोच." मग रांग लागली. मी घरातला स्वेटर घालूनच गेलो होतो. मदर पेटवेंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, लुवेनिया वरून बघतेय हं. मी म्हटलं, बघू दे.

काल फोनवर तुमचा आवाज ऐकला. बारीक झाला आहे. मला फोनवर नीट बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पुन्हा लिहितो.

तुम्ही विचारलंत, "मीच म्हटलं ना, घाल म्हणून?" मी हो म्हटलं. "आणि तू इतके महिने गप्प?" मी हो म्हटलं. तुम्ही म्हणालात, मूर्ख आहेस. त्यालाही मी हो म्हटलं. मग तुमच्या बाजूच्या प्राणवायूच्या नळीची फुसफुस तेवढी ऐकू येत होती. ती ऐकायला मला वाईट वाटलं नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मग तुम्ही हळूच विचारलंत, "नर्सने खरंच विचारलं, कुठून घेतला?" खरंच विचारलं. लुवेनियाने तुमचं नाव सांगितलं, पूर्ण नाव, गावासकट. ती काही पदरचं सांगणारी नव्हती.

पुढच्या गुरुवारी मी पास्टरांबरोबर हॉस्पिटलच्या लोकांना भेटायला जातो आहे. ते विचारतील ते सांगीन, आणि विचारणार नाहीत तेही. तुम्ही म्हणालात, सूटचं पण सांग, लाजू नकोस. सांगतो. मला तिथे उभं राहून काय म्हणता येईल माहीत नाही. कार्डावर लिहून नेणार आहे. शेवटी एवढंच मागायचं आहे, आपलं माणूस कसंही आलं, झग्यात येऊ दे की सूटमध्ये, त्यांनी त्याला चालवून बघावं आणि नुसत्या आकड्यावर घरी पाठवू नये. पास्टर म्हणतात ते ऐकतील. मला खात्री नाही. पण टॉलिव्हर येणार आहेत आणि ते दाराजवळ बसणार आहेत, म्हणजे मध्येच उठून कुणाला जाता येणार नाही.

सूट पाठव असं तुम्ही सांगितलंत. कंबरेत सैल करून या ईस्टरला तुम्ही घालणार, चर्च उघडलं नाही तरी घरात घालून बसणार. मला वाटलं होतं की ऐकून मी नाही म्हणेन. नाही म्हटलं नाही.

आज जेवण झाल्यावर तो कपाटातून काढला. कॉलरच्या आतल्या बाजूला तिच्या चेहऱ्याच्या पावडरीचा डाग आहे. तो मी धुणार नाही, तुम्ही बघा काय करायचं ते. बाकी कापड चुरगळलं आहे. इस्त्री लावू नकोस, वाफ दे, असं तुम्ही दोनदा बजावलंत, ते लक्षात आहे.

खोकं तयार आहे. सूट दाराच्या खुंटीला अडकवला आहे. केटलीला आत्ता शिटी आली. वाफेवर आधी बाह्या घेतो.

थर्मन